आत्याच्या बोटावरचं लिंबू

‘काखेत गाठ? थांबाल तर संपाल.’ पत्रकाचा हा मथळा माझाच, आणि मला तो फार आवडायचा. आरोग्याच्या प्रचाराला भोर-वेल्ह्याच्या गावांत मी ते पत्रक घरोघर वाटलं. मार्गासनीला आत्याच्या घरी तर चुलीमागच्या भिंतीवर चिकटवूनच आले. पंधरा दिवसांत आत्याच्याच उजव्या काखेत गाठ हाताला लागली.

त्या घरात नीट वाचता येतं ते आत्याच्या जावेला. तिनं पत्रक वाचलं आणि आत्याला चुलीवरून उठवलं. कॅन्सर लागतो म्हणे. आत्याचं ताट वेगळं, तांब्या वेगळा, पिठाला हात लावायचा नाही. सव्वीस वर्षं त्या घराला भाकरी घालणारी बाई उंबऱ्यापाशी बसून जेवत होती. कळलं तशी मी तडक गेले आणि जावेशी कडाकडा भांडले. कॅन्सर शिवल्यानं होत नाही, एवढं साधं वाक्य मी पत्रकात घातलं नव्हतं. ती चूक मात्र भांडताना कबूल केली नाही.

दुसऱ्या दिवशी आत्याला घेऊन भोरला निघाले, सोनोग्राफीला. नसरापूरला गाडी बदलली तेव्हा पदराखालून तिचा हात बाहेर आला. तर्जनीवर अख्खं लिंबू, भोक पाडून टोपीसारखं घातलेलं. भात लावताना नखुरडं झालं होतं, बोट ठसठसत होतं. मला संताप आला. गावठी उपायांविरुद्ध मी दोन पत्रकं काढलेली, आणि माझीच आत्या लिंबू घालून डॉक्टरकडे? हसतील, काढ ते, म्हटलं. तिनं निमूट काढलं, रुमालात बांधून पिशवीत टाकलं आणि बोट पदरात गुंडाळलं.

डॉक्टरबाईंनी आधी दोन्ही स्तन तपासले. स्वच्छ. मग काख. पडदा आमच्याकडे वळवून त्यांनी गाठ दाखवली. अशा गाठी काखेत सगळ्यांनाच असतात, म्हणाल्या. चांगली गाठ घेवड्याच्या दाण्यासारखी लांबट, मधे चरबीचा पांढरा भाग, भोवती काळसर पातळ साल. कॅन्सर शिरला की बहुतेकदा ती गोल होत जाते, मधलं पांढरं पुसतं, साल एका बाजूला फुगते. आत्याची गाठ लांबट होती, पांढरंही होतं. पण साल जाड होती. सगळीकडून सारखी, तरी जाड.

या हाताला कुठं कापलंय, पिकलंय का, असं त्यांनी विचारलं.

“नाही,” मी म्हणाले.

माझ्या एका पत्रकात ठळक अक्षरांत आहे: बाईला स्वतः बोलू द्या.

मग सुई घालून तपासावं लागेल, म्हणत त्या कागदावर लिहायला लागल्या. तेवढ्यात आत्या उठून बसली, पिशवीत हात घातला आणि रुमाल सोडून लिंबू टेबलावर ठेवलं.

“बाई, ह्ये बगा. ही म्हनली, दावू नगं.”

डॉक्टरबाईंनी लिंबाकडे पाहिलं, आत्याच्या पिकल्या बोटाकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

“मी मावशींना विचारलं होतं.”

कुठल्याही सभेत माझी एवढी जिरली नव्हती.

हातातल्या पूला तोंड द्यायला काखेतली गाठ फुगते, हे त्यांनी समजावलं. आत्या म्हणाली, म्हणजे अवधाण की. पायाला लागलं की जांघेत येतं, तसं. डॉक्टरबाई म्हणाल्या, तसंच. तो शब्द मी अडाणीपणाच्या यादीत टाकला होता. त्यांनी बोटातला पू काढवला, औषध दिलं. सहा आठवड्यांनी परत या, गाठ ओसरली नाही तर मात्र सुई, असं बजावलं. ते सहा आठवडे आत्या उंबऱ्यापाशीच जेवली. जाऊ कागदाशिवाय ऐकेना.

गौरी-गणपतीच्या आधी पुन्हा भोर. पडद्यावर घेवड्याचा दाणा, साल पातळ. डॉक्टरबाईंनी रिपोर्टावर सही केली आणि मी तिथंच आत्याला मिठी मारली. तिनं सवयीनं आधी बोट सांभाळलं.

मार्गासनीला पोचताच मी रिपोर्ट जावेच्या हातात दिला. वाच, मोठ्यानं. ती अडखळत वाचत असताना मी चुलीमागचं जुनं पत्रक खरवडून काढलं आणि नवं डकवलं. गाठ लागली तर तपासाच. हाताला जखम असेल तर डॉक्टरांना सांगा. कॅन्सर शिवल्यानं होत नाही. लिंबू बी लिव्ह, असं आत्या सांगत होती. ते मी लिहिलं नाही, आणि त्यावरून आमचं आजही जुंपतं.

आत्यानं हात धुतले, परात ओढली. पहिली भाकरी टम्म फुगली ती तिनं उचलून जावेच्या ताटात टाकली.

“खा. पर जपून हां, लागंल.”

जाऊ खाली मान घालून जेवली. तीन खाल्ल्या.