नवतपातला कूलर

नवतपा लागला की पवनीतला माणूस घराबाहेर पडायच्या आधी डोक्याला दुपट्टा गुंडाळतो, खिशात कांदा टाकतो आणि सूर्याला एक शिवी देतो. शिवी प्रेमाची असते. मेच्या अखेरीचे, रोहिणी नक्षत्रातले हे नऊ दिवस भट्टीसारखे तापले तरच पुढे पाऊस बरा, असं सगळेच मानतात. त्यामुळे पाठीवर घामोळ्यांची नक्षी उठलेली असली तरी तोंडाने म्हणतात, "तापू दे बाप्पा, तापू दे."

रत्नमालेच्या घरी या दिवसांत कूलर एकच चालायचा आणि त्याच्यासमोर माणूस बसत नसे. त्याच्यासमोर माग बसे. कोश्याचा, म्हणजे टसर रेशमाचा धागा मोठा नाजूक मिजाशीचा. हवा कोरडी झाली की कुरकुरीत पापडासारखा होतो, पाय दाबला की तट्, धोटा फेकला की तट्. म्हणून मागाच्या खोलीत खिडक्यांना ओली पोती, जमिनीवर पाण्याचा शिडकावा आणि ताण्याच्या उभ्या धाग्यांकडे तोंड करून कूलर. कोणी गंमत केली की रत्नमाला म्हणायची, "मानसाले घाम तरी येते. धाग्याले काय येते? तो सरळ मरते."

नवरा गेल्यावरही तिने माग बंद केला नव्हता. यंदा तर मागावर रिताची साडी होती. रिता, एकुलती एक लेक, भंडाऱ्याच्या दवाखान्यात नर्स, आणि लग्न मृगाच्या आधी. या घराची रीत अशी की कोष्ट्याची पोरगी विकतच्या साडीत बोहल्यावर चढत नाही. रिताने एकदाच म्हणून पाहिलं होतं, "आई, राहू दे ना, ऑनलाइन मागवू." त्यावर रत्नमाला जे बोलली ते गल्लीत अजून म्हणून दाखवतात. साडी जवळजवळ होत आली होती. पदर तेवढा राहिला होता.

आता तिच्या दिराकडे या. गोपीचंद. गावाजवळच्या अभयारण्याच्या गेटवर गाड्या वाढल्या तेव्हा त्याच्या डोक्यात दिवा लागला. घरामागच्या दोन खोल्यांना त्याने गुलाबी रंग दिला, पाटी लावली आणि मोबाइलवर जाहिरात टाकली. जाहिरातीचा मजकूर त्याने कोण्या थंड हवेच्या ठिकाणच्या लॉजवाल्याचा जसाच्या तसा उचलला होता. त्यात लिहिलं होतं, 'वर्षभर आल्हाददायक हवामान. संध्याकाळी शाल जवळ ठेवावी.'

ऐन नवतपात ठाण्याचं एक जोडपं आलं. बाईंच्या बॅगेत खरोखर शाल होती.

"मॅडम, क्लायमेट एकदम फस्कलास," गोपीचंद त्यांची बॅग उचलत म्हणाला, आणि त्याच्या नाकाच्या शेंड्यावरून घामाचा थेंब बॅगेवर पडला.

रत्नमाला त्या सकाळी आहेराची भांडी घ्यायला बाजारात गेली होती. दुपारी परत आली तर खोलीतून आवाज नाही. कूलरचा जो घर्रर्र आवाज तिला झोपेतसुद्धा ऐकू यायचा, तो नाही. आत पाहिलं तर कूलरच्या जागी चार ओले ठसे, तेही वाळत आलेले. पोती कडकडीत. खिडकीतून आग आत येत होती. तिने मागावर बसून पाय दाबून पाहिला. तट्. तट् तट्. आणि मग काठाच्या बाजूचा धाग्यांचा झुबकाच्या झुबका लोंबायला लागला.

तिने हातातली भांड्यांची पिशवी तिथेच आपटली. तो आवाज ऐकून गोपीचंद धावत आला.

"कूलर कोनं नेला?"

"वहिनी, तं ऐका ना. पाहुन्याच्या खोलीतल्या कूलरची मोटार जळली. मॅडमले गरगर येऊन राहिलं होतं. म्हनलं, घंटाभर..."

"घंटाभर! भाऊजी, तुमचं डोस्कं हाय का माठ? माठात निदान पानी तरी थंडं राहते!"

"अशा काहून करता व? पाहुना म्हंजे देव असते."

"असंन देव. मंग देवाले नवतपात कायले बलावलं? देवळात लोक गारव्यासाठी जाते, तुमी देवालेच तव्यावर बसवलं!" तिने लोंबणारे धागे हातात धरून त्याच्यासमोर नाचवले. "हे पाहा. हे रिताचं लगन हाय. काय नेसवू तिले? तुमची पाटी नेसवू?"

एवढ्यात ठाण्याच्या बाई दारात आल्या. ओल्या टॉवेलने डोकं बांधलेलं, चेहरा टमाट्यासारखा. "अहो, एक्स्क्यूज मी, भांडू नका ना. आम्हाला खरंच माहीत नव्हतं हा कूलर कुणाचा..." त्यांची नजर मागावर गेली आणि आवाज बारीक झाला. "हे आमच्यामुळे झालं?"

"तुमच्यामुळं कायले? तुमी तं शाल घेऊन आल्या बिचाऱ्या." हे 'बिचाऱ्या' तिने असं म्हटलं की बाईंना ते चपराकीसारखं लागलं.

पण बाई वळल्या गोपीचंदाकडे. "तुम्ही मला फोनवर काय म्हणालात? पहाटे गारवा असतो! सकाळी सहाला उघड्या जीपमध्ये माझ्या नवऱ्याच्या चपलेचा सोल सुटलाय! आमच्याकडे निदान घाम तरी येतो, इथे तो येण्याआधीच वाळतो!"

दोन्हीकडून मार बसल्यावर गोपीचंदाने जे करायचं तेच केलं. मान खाली घालून कूलर परत आणला. मागोमाग ठाण्याचे साहेबही आले, कारण गार हवा तिकडेच गेली होती. रत्नमालेने दोघांच्या हातात एकेक बादली दिली. "पोती भिजवा. वाळली की परत भिजवा. तोंडानं बोलायचं नाई, हातानं बोलायचं."

मग ती मागावर वाकली आणि एकेक तुटकं टोक शोधून गाठ मारायला लागली. राग हातात येऊ द्यायचा नाही, हे तिला ठाऊक होतं. म्हणून तो सगळा तोंडात आला.

बाई जवळच पोत्यावर बसल्या होत्या. त्यांनी चुकून विचारलं, "मग इथे यायचं तरी कधी हो?"

"कदी? सांगतो ना. मृगात या. नाई, नोका येऊ. मृगात असं उबते की अंगावरचं लुगडं पिळून वाळू घाला. सावनात झड लागते. झड ठाऊक हाय? पानी पडते, पडते, आन् थांबाले इसरते. पापडाले बुरशी, चपलेले बुरशी, दोन दिस गप बसला तं मानसाले बुरशी. जंगल बंद, वैनगंगेले पूर, पूल बंद. मंग खोलीत बसा आन् आमच्या भाऊजीचं तोंड पाहा."

बादलीवाल्या गोपीचंदाने खोकून घेतलं.

"गणपतीनंतर?"

"भादव्याचं ऊन? चामडी सोलते ते. दिवाळीत धान कापाले सारे वावरात, तुमाले चहा कोन देईन? पुसात या, थंडी अशी की जीपवाल्याचे दात वाजते ते वाघाले ऐकू येते, तो तिकडून तिकडे पसार. माघात गारा."

"म्हणजे चांगलं कधीच नाही?"

रत्नमालेने गाठीचं टोक दाताने तोडलं. "हाय ना. दिवाळी झाली की मंडई भरते गावोगावी, जत्राच म्हना. रातभर नाटकं. अंगावर चादर, हातात भुईमुगाच्या शेंगा, थंडी बी हलकीच." मग एकदम आपणच मऊ झालो हे लक्षात येऊन उखडली. "पन तवा कोनी येत नाई! तवा तुमच्या लेकरायच्या शाळा! आमचं चांगलं तुमाले नोको, आन् आमचं वंगाळ आमी खपवून राहिलो आल्हाददायक म्हनून!"

बाई हसल्या नाहीत. त्यांनी टॉवेल सोडला, पुढे सरकल्या. "माझी बोटं बारीक आहेत. दाखवा कशी मारायची."

त्यांची पहिली गाठ पाहून रत्नमाला म्हणाली, "हा लाडू हाय. लाडू मागाच्या फनीतून जाईन का?" दुसरी सुटली. तिसरीला ती काही बोलली नाही, आणि तिने काही न बोलणं म्हणजे पास.

दिवेलागणीला शेवटचं टोक सांधलं गेलं. रत्नमालेने धोटा हातात घेतला. साहेब बादली धरून तसेच उभे राहिले. पाय दाबला. धोटा गेला. परत आला. काही तुटलं नाही.

"मग आता आम्ही झोपायचं कुठे?" साहेबांनी हळूच विचारलं.

"हितंच. कूलर धाग्यावर राहीन, तुमच्या वाट्याले येईन तितका वारा तुमचा. आन् घोरायचं नाई."

साडी लग्नाच्या आदल्या आठवड्यात उतरली. पदराच्या सुरुवातीला, काठापाशी, बोटभर पट्टा जाडसर झाला होता. गाठी लपल्या नव्हत्या. रत्नमालेने घडी अशी घातली की तो पट्टा आत जावा. रिताने घडी उलगडली आणि पट्ट्यावरून बोट फिरवलं.

"हा कंबरेत खोच," रत्नमाला म्हणाली. "दिसाले नोको. माह्या हाताची अशी साडी आजपावतर गेली नाई कोठं."

"नाही. मी हा खांद्यावर घेईन. समोर."

"बह्याडी झाली का? मांडवात साऱ्या कोष्ट्यायच्या बाया बसन. इचारतीन, हे काय व?"

"विचारू दे. सांगीन, हे आमच्या गोपीकाकाचं काम आहे. ऐन नवतपात कूलर उचलून नेला होता."

दारात उभ्या गोपीचंदाने हात जोडले. "नोको व पोरी. मांडवात नोको सांगू. वरपक्ष काय म्हनन?"

रिताने आईकडे पाहिलं. आई लेकीला गप्प करेल, अशी गोपीचंदाला शेवटची आशा होती. रत्नमालेने साडी तिच्या हातातून घेतली, पट्टा वर येईल अशी नवीन घडी घातली आणि म्हणाली,

"सांग. माइकवर सांग."