कांबळे सिस्टर आणि मागची सीट

कांबळे सिस्टर कुठल्याही वस्तूला चिकटपट्टी लावून तिचं नाव लिहायच्या. जखमेवर लावतात तीच पांढरी पट्टी, आणि वर निळ्या बॉलपेनानं ठसठशीत अक्षरं. त्यांच्या निगडीच्या घरात डाळीच्या डब्यांपासून इस्त्रीच्या वायरीपर्यंत सगळ्याला पट्ट्या होत्या. अंगणातल्या पत्र्याच्या शेडमध्ये एक जुनी विलायती मोटार सुटी करून ठेवलेली होती. तिच्या तर प्रत्येक तुकड्याला. "मागचं डावं दार, वरची बिजागरी." "खालची बिजागरी, जरा लंगडी." एका पत्र्यावरच्या पट्टीवर नुसतं "चावतो" असं लिहिलेलं होतं. मी विचारलं, तर बोट दाखवत म्हणाल्या, "कापलं ना मला. पेशंट चावरा असला की केसपेपरवर लिहून ठेवावं. पुढच्या शिफ्टला कळतं."

सगळी नोकरी त्यांनी पिंपरीत नर्स म्हणून केली. लग्न केलं नाही. निवृत्त झाल्यावर त्यांनी ही गाडी उघडली, आणि गल्लीला विषय मिळाला. येणारा-जाणारा कुंपणावरून विचारायचा, "काय सिस्टर, पेशंट कसाय?" त्या मान वर न करता सांगायच्या, "आयसीयूत आहे. भेटायची वेळ संपली. निघा." खर्चाचं विचारणारेही पुष्कळ होते. एका दाराची मूठ मिळवायला त्यांचं महिन्याचं पेन्शन गेलं होतं. काचेभोवतीचं रबर परदेशातून मागवलं, ते चुकीचं आलं, पुन्हा मागवलं. फंडाचे पैसे असे मुठी आणि रबरात चालले होते. शेजारचे काका म्हणाले, "एवढ्यात नवी गाडी आली असती की हो." सिस्टर म्हणाल्या, "माझ्या लग्नाचा खर्च वाचला होता ना, तो करतेय. तुम्हाला आहेराची काळजी वाटतेय का?"

गाडी त्यांच्या वडिलांची. वडील, म्हणजे दादा, चिंचवडच्या एका फाउंड्रीच्या मालकांचे ड्रायव्हर होते. फाउंड्री बंद पडली तेव्हा मालकांनी इतक्या वर्षांच्या नोकरीचं म्हणून ही गाडीच दादांच्या नावावर करून दिली. पेट्रोल परवडेना आणि विकवेना, त्यामुळे ती ताडपत्रीखाली उभी राहिली, दादा गेल्यावरसुद्धा. पण सिस्टरांचा जीव गाडीत नव्हता. तो आईत होता. दर शनिवारी दादा सीटची पांढरी कव्हरं घरी आणायचे आणि आई ती धुवून, नीळ घालून, इस्त्री करून द्यायची. आयुष्यभर तिनं ती कव्हरं धुतली. त्या मागच्या सीटवर ती एकदाही बसली नव्हती. आपण बसायचं नसतं, हे तिला कुणी सांगावं लागलं नव्हतं.

आता त्या आईला मागच्या सीटवर बसवून निगडीपासून पिंपरीपर्यंत न्यायचं, एवढंच सिस्टरांना हवं होतं. मी एकदा आजींना म्हटलं, "आजी, सीट तयार झालीय, बसून तर बघा." म्हातारी म्हणाली, "उभ्या गाडीत बसाया मी काय पोतं हाय व्हय? चालू दे आधी. आन् काच खाली करून बसनार मी. लोकास्नी दिसलं पायजे."

गाडीच्या नोंदणीची मुदत कधीच संपलेली होती. कागदपत्रांशिवाय, एखाद्या रविवारी सकाळी हळूच एक चक्कर मारून आणा, असंही लोकांनी सुचवलं. ते सिस्टरांना चालत नव्हतं. "दादांनी आयुष्यात एक सिग्नल तोडला नाही. आणि मी आईला चोरासारखी फिरवू?"

मी या गोष्टीत आलो तो असा. चाकणजवळ आमच्याच शेताच्या तुकड्यावर माझं शॉट ब्लास्टिंगचं छोटं युनिट आहे. लोखंडाचे बारीक दाणे जोरानं मारून गंज उडवायचा आणि मग रंग चढवायचा, हे काम. कंपन्यांचे सुटे भाग येतात, आम्ही साफ करून देतो. एक दिवस टेम्पोत ड्रायव्हरशेजारी बसून सिस्टर आल्या. मागे त्या गाडीची चासी, म्हणजे खालचा लोखंडी सांगाडा. उतरल्या उतरल्या म्हणाल्या, "सुनील ना तू? हा माझ्या पेशंटचा कणा आहे. नीट धर."

चासीच्या पुढच्या आडव्या दांड्यावर गाडीचा चासी नंबर, कागदांवरच्या नंबराशी ताडून बघतात तो, ठोकलेला होता. जुने, उथळ आकडे, पण बोटाला लागत होते. मी स्वतः बोट फिरवून पाहिलं होतं. हे वाक्य मी योग्य जागी, योग्य वेळी बोलायला हवं होतं. ते आज लिहितो आहे. सिस्टरांनी त्या आकड्यांवर त्यांची पट्टी लावली होती आणि लिहिलं होतं, "इथे हात लावू नये."

आमच्या धंद्यात रीत अशी की ज्या जागेला दाणे लागू द्यायचे नाहीत तिथे जाड रबर बांधायचं. दवाखान्याची पट्टी दाण्यांपुढे टिकत नाही, म्हणून मी ती काढली. रबर आणायला वळलो, तेवढ्यात कंपनीतून फोन आला: माल कुठंय, लाइन थांबलीय, आत्ता पाठवा. मी ओरडत, आर्जवं करत बोलत राहिलो. फोन ठेवला आणि तसंच मशीन सुरू केलं. आत कास्टिंगसाठीचे, म्हणजे जड ओतीव भागांसाठीचे, जाड दाणे होते, तेही बदलले नाहीत. चासी बाहेर आली तेव्हा चांदीसारखी दिसत होती. पुढचा दांडाही तसाच. आकड्यांचा मागमूस नाही.

मी तिच्यावर काळा रंग जाड चढवला.

सिस्टर न्यायला आल्या तेव्हा पहिलं बोट त्यांनी तिथेच फिरवलं. "नंबर कुठाय रे?"

"पेंटखाली आहे ताई. आरटीओला जाताना खरवडून घ्या."

त्यांनी पर्समधून पट्टी काढली, तिथे लावली आणि लिहिलं, "नंबर पेंटखाली." माझं खोटं त्यांच्या सुंदर अक्षरात लिहिलेलं मी पाहिलं, आणि चासी टेम्पोत चढवायला हात लावला.

गाडी जोडून उभी राहिली तेव्हा गल्ली बघायला लोटली होती. बाटलीसारखा गडद हिरवा रंग, मागच्या सीटवर नवी पांढरी कव्हरं. पुण्याहून एक जुन्या गाड्यांचा शौकीन आला आणि त्यानं सांगितलेला आकडा ऐकून शेजारचे काका कुंपण धरून उभे राहिले. सिस्टर म्हणाल्या, "पेशंट विकत नसतात हो." आजींनी नेसायचं पातळ काढून ठेवलं होतं. नोंदणीचं नूतनीकरण तेवढं बाकी होतं.

आरटीओत नंबरावर कागद ठेवून पेन्सिल घासतात, आकडे उमटतात. तिथे पेंट खरवडला, पेन्सिल घासली. कागद नुसताच काळा झाला. तीनदा. साहेबांनी गाडी बाजूला लावून घेतली आणि पोलिसांना कळवलं.

सिस्टर तडक माझ्याकडे चाकणला आल्या. बसल्याही नाहीत. "तुझ्याकडे आली तेव्हा नंबर होता ना रे? मी पट्टी लावली होती."

त्या आठवड्यात एका मोठ्या कंपनीचं ऑडिट होतं, पोलिसांचं लचांड नको होतं, असं मी पुष्कळ वर्षं स्वतःला सांगितलं. ते खरं नाही. ऑडिट मला तेव्हा आठवलंसुद्धा नव्हतं. तोंडातून निघून गेलं, एवढंच. "गंजानं खाल्ला होता ताई. पट्टी काढली तर पापुद्राच निघाला सगळा. तुम्हाला वाईट वाटेल म्हणून बोललो नाही."

त्या माझ्याकडे बघत राहिल्या. मग म्हणाल्या, "होतं असं. ड्रेसिंग काढताना कधीकधी कातडीच निघून येते." मला खरं बोलायला अजून जागा होती, आणि त्यांनीच मला सोडवलं.

पोलीस स्टेशनला मी त्यांच्याबरोबर गेलो. होय, गेलो. शेजारी बसलो. त्यांनी बाहेरच्या टपरीवरून माझ्यासाठी चहाही मागवला. आतल्या साहेबांनी कागद चाळून विचारलं, "गाडी कुणाची?"

"माझ्या वडिलांची."

"वडील काय करायचे?"

"ड्रायव्हर होते."

साहेब शेजारच्याकडे बघून हसले. "ड्रायव्हरची विलायती गाडी. आणि नंबर गायब. बरं, गेला कसा?"

"गंजानं," सिस्टर ठामपणे म्हणाल्या. तसाच जबाब लिहून दिला, खाली सही केली. साहेबांनी माझ्याकडे मान वळवली, "तुम्ही कोण?"

मी म्हणालो, "ओळखीचा."

तपासणीचा निकाल आला. गंजानं धातूला खड्डे पडतात. हा नंबर यंत्रानं घासून काढलेला आहे. म्हणजे जबाब खोटा. चाळीसेक वर्षं तापाचा एक आकडा खोटा न लिहिलेल्या बाईच्या नावापुढे खोटा जबाब, आणि चोरीचा संशय. गाडी जप्त झाली. वकील म्हणाले, ज्या कारखान्यात नंबर गेला तिथल्या माणसानं पुढे येऊन सांगितलं, तर नंबर पुन्हा ठोकायची परवानगी मागता येईल. सिस्टर त्यांना म्हणाल्या, "कारखान्यात नाही गेला, सुनीलनं सांगितलंय." मी तिथे खुर्चीत बसलेलो होतो.

गाडी पोलिसांच्या उघड्या आवारात, अपघातातल्या गाड्यांच्या रांगेत दोन पावसाळे उभी राहिली. सिस्टर सुरुवातीला ताडपत्री घेऊन जायच्या. पुढे ती चोरीला गेली. उंदरांनी मागची सीट पोखरली. पुण्याच्या शौकिनाला कुणीतरी सांगितलं, तर तो म्हणाला, नंबर नाही म्हणजे ती गाडीच नाही, नुसतं लोखंड. त्या दुसऱ्या पावसाळ्यात आजी गेल्या. नेल्या त्या ॲम्ब्युलन्समध्ये.

पुढे गाडी सुटली, चोरीचं काही सिद्ध झालं नाही म्हणून. सिस्टरांनी ती घरी आणलीच नाही. चिखलीच्या भंगारवाल्याला आवारातूनच उचलायला सांगितली. मी फोनवर म्हटलं, "ताई, थांबा, काहीतरी करू." त्या म्हणाल्या, "पेशंट गेला सुनील. आता बॉडी ठेवून काय करायचं?"

त्यानंतर एका दुपारी मी निगडीला गेलो आणि सगळं सांगितलं. पट्टी, रबर, फोन, जाड रंग. त्या आईच्या उरलेल्या गोळ्यांच्या तारखा तपासत बसल्या होत्या. चालतील त्या एका डब्यात, जुन्या दुसऱ्यात. मी बोलत होतो तोवर त्यांचा हात थांबला नाही.

"पोलीस स्टेशनात माझ्या शेजारी बसला होतास, तेव्हा माहीत होतं?"

"हो."

"वकिलाकडे?"

"हो ताई."

"मग आज का आलास?"

"राहवेना. छातीवर ओझं होतं."

त्यांनी गोळ्यांची पट्टी खाली ठेवली. "आई रोज विचारायची, नंबर कसा गं गेला? दादांनी इतका जपला, मग गेला कसा? मी सांगायचे, गंजला. गेली त्या सकाळी पण विचारलं तिनं. मी म्हणाले, दादांच्या ताडपत्रीला भोक होतं आई, पाणी मुरलं. मान हलवली तिनं. दादांचीच चूक, असं समजून गेली ती."

मला वाटलं होतं, त्या ओरडतील. मी त्याची तयारी करून गेलो होतो. ओरडल्या असत्या तर मला बरं वाटलं असतं, आणि बहुधा त्यांनाही ते कळलं असावं.

"तुझं ओझं उतरलं ना?" त्यांनी विचारलं. खरंच विचारलं, पेशंटला विचारतात तसं. "मग जा आता. मला हे कुणाला सांगता येणार नाही. जिला सांगायचं होतं ती नाही."

त्या पुन्हा गोळ्यांकडे वळल्या. मी चपला घालेपर्यंत त्यांनी मान वर केली नाही.