उकडलेली कलेजी
हायड्रोजन पेरॉक्साइडचा वास आला की बालाघाटच्या कॉलेजातले आमचे ते ढोंगी सर आठवतात. ट्यूमरच्या पेशींतला अर्क लिव्हरचं एंझाइम मंद करतो, हे त्यांना पाहुण्यांपुढे दाखवायचं होतं. पेरॉक्साइड टाकताच पहिल्या नळीतली बकऱ्याची कलेजी एंझाइममुळे फसफसून वर आली. दुसरीतली, म्हणे अर्कात भिजवलेली, तशीच पडून राहिली. टाळ्या पडल्या. ती दुसरी सरांनी सकाळी स्टोव्हवर उकडली होती, आणि उकडलं की एंझाइम मरतंच. मी बघितलं होतं. पाहुण्यांतली एक बाई नवऱ्यासाठी विचारायला पुढे आली. "सर, आमच्या घरच्यायले ट्यूमर हाये. तुमच्या शोधातून त्यायले औषध भेटन का?" "हौ बाई, काहून नाही भेटन!" सर म्हणाले. मी नळ्या धुवायला घेतल्या. त्या वर्षी प्रॅक्टिकलला सगळ्यांत जास्त मार्क मलाच पडले.