माफ करायचं औषध

माझी झोप उडाली होती, म्हणून मी नवीन पनवेलमधल्या एका समुपदेशकाकडे गेले. आमच्या गावी, नेऱ्याला, माझी आई वारली आणि भावाचा मला फोन आला तो तिला स्मशानात पोचवून आल्यावर. आमच्याकडे लेकीनं तोंडात पाणी घातल्याशिवाय आईला उचलत नाहीत. मी इथे पनवेलात, रिक्षा केली असती तरी वेळेत पोचले असते. ऊन चढेल म्हणून थांबलो नाही, म्हणे! तेव्हापासून माझं डोकं भडकलेलं आहे, आणि ते मी कुणापासून लपवलेलं नाही.

समुपदेशक माझ्या मुलाच्या वयाचा. पहिल्याच दिवशी म्हणाला, "मी कुणाची बाजू घेत नाही. माझ्या श्रद्धा मी बाहेर ठेवून येतो." आणि लगेच पुढे, "राग धरला की ऊर्जा अडते, मॅडम. युनिव्हर्सवर सोपवा." ही श्रद्धा नाही तर काय? आमच्या गावचा भगत निदान कुठल्या देवाचं काम करतो ते आधी सांगतो. यानं मात्र माझा राग हाच आजार ठरवला, आणि मला कुणी विचारलंही नाही.

दुसऱ्या वेळी त्यानं समोर रिकामी खुर्ची ठेवली. तिथे भाऊ बसलाय असं समजायचं. मला आधी हसू आलं, मग तोंड सुटलं. "माजी वाट बगायला काय झाला व्हता तुला? लेक नाय का मी तिची?" ओरडून ओरडून मी रडले. त्याचा चेहरा उजळला. "छान! मोकळ्या झालात. आता म्हणा, मी तुला माफ केलं."

"त्यानं मागितलीय कुठे माफी?" मी विचारलं.

"त्याची गरज नसते. माफ आपण स्वतःसाठी करतो."

म्हणजे भावानं काही करायचंच नाही. मी चपला घातल्या, जिन्यातूनच भावाला फोन लावला आणि आईला न्यायची एवढी घाई का केलीस म्हणून सरळ विचारलं. मला वाटलं, आता तरी माफी मागेल.

"झाला ता झाला, बाय," तो म्हणाला. "आता तू मन शांत ठेव."