काचेला पाडलेली खिडकी

आमच्या कॉलनीसमोर काचेची बिल्डिंग उभी राहिली तेव्हा तिच्याबद्दल सगळ्यांत जास्त बोलले ते तिच्यात कधीच राहायला न जाणारे लोक. मीही त्यांच्यातलीच. पडेगावला दौलताबाद रोडच्या आत आमची बैठी घरं होती. मी छावणीतल्या एका शाळेत शिकवायचे, नवरा शहराच्या पार दुसऱ्या टोकाला, शेंद्र्याला कंपनीत जायचा. संध्याकाळी ओट्यावर बसलं की समोर काकांचं शेत दिसायचं. ज्वारी, कडेला बोरी, मधोमध बांधीव विहीर आणि विहिरीजवळ दोन खोल्यांचं दगडी घर.

काका म्हणजे त्या शेताचे मालक. सगळी कॉलनी त्यांना काका आणि त्यांच्या बायकोला काकू म्हणायची. मुलगी लग्न होऊन लांब गेलेली, घरात दोघंच. पाऊस कमी कमी होत गेला आणि रस्त्याच्या दोन्ही बाजूंनी प्लॉट पडत गेले, तेव्हा काकांनी शेत एका बिल्डरला दिलं. बदल्यात पैसे आणि चौथ्या मजल्यावर एक मोठा फ्लॅट. पेढे द्यायला आले तेव्हा म्हणाले, "बाई, लई केली माती. आता वरून बघायची."

विहीर बुजवली त्या दिवशी कॉलनीतल्या बायका बघायला गेल्या होत्या. तिथं पार्किंग होणार होतं. शेताला लागून एका मेंढपाळ कुटुंबाचं घर होतं. त्या घरातल्या म्हातारीला आम्ही मावशी म्हणायचो. तिची मेंढरं त्या विहिरीच्या हौदावर पाणी प्यायची. मावशी विहिरीच्या कडेला उभी राहून म्हणाली, "पाणी व्हतं की आजून तिच्यात." दगडी घर पाडल्यावर काकांनी त्याची सागवानी दारं-खिडक्या आणि विहिरीवरची लोखंडी गडगडी, दोर-पोहऱ्यासकट, मावशीच्या शेडात ठेवायला दिली. विकायला मन झालं नसावं. फ्लॅटमध्ये तर त्यांचा काही उपयोग नव्हता.

बिल्डिंग उंच गेली आणि तिला निळसर काच बसली. आमच्या बाजूची भिंत खालपासून वरपर्यंत काचेची होती. तिच्यात दौलताबादचा डोंगर दिसायचा. पहिले काही दिवस लोक संध्याकाळी मुलंबाळं घेऊन तो बघायला यायचे. पत्ता सांगताना आम्हीही "काचेच्या बिल्डिंगीसमोर" असं सांगायला लागलो. आमचे सेक्रेटरी, एसटीतून निवृत्त झालेले गृहस्थ, म्हणायचे की आता आपल्याही घरांचे भाव वाढणार. मावशीची मेंढरं सकाळी बिल्डिंगीच्या सावलीत बसायची आणि सावली आखडेल तशी भिंतीकडे सरकायची. एकदा तिच्या एडक्याला काचेत दुसरा एडका दिसला आणि त्यानं त्याला धडक दिली. काच फुटली नाही. एडकाच दोन दिवस मान वाकडी करून फिरला.

उन्हाळा आला तेव्हा त्या काचेचं खरं काय ते कळलं. सकाळचा सूर्य बिल्डिंगीमागून उशिरा यायचा आणि दुपारनंतर मावळतीचं ऊन काचेवर आपटून आमच्या दारात यायचं. म्हणजे पाठीमागून एक सूर्य आणि समोरून दुसरा. माझ्या शेजारणीचं तुळशीवृंदावन ओट्यावर होतं, ती तुळस करपली. लोकांनी दारांना गोणपाट लावले, खिडक्यांना जुन्या साड्या. तेव्हापासून कॉलनीची भाषा बदलली. आधी "आपली बिल्डिंग" होती, ती "त्यांची" झाली.

त्यांची म्हणजे कुणाची, हा प्रश्नच होता. फ्लॅट फारसे विकले गेलेच नाहीत. काका-काकू, तिसऱ्या मजल्यावरचं एक डॉक्टर जोडपं आणि आणखी एक-दोन कुटुंबं, एवढेच लोक राहायला आले होते. बाकीच्या मजल्यांवर काचेआड सिमेंटच्या गोण्या दिसायच्या. मग बिल्डरचं ऑफिस बंद झालं. पोहण्याच्या तलावाचा खड्डा तसाच राहिला. लिफ्ट एकदा बंद पडली ती पडलीच. खाली वॉचमन होता, छावणीतला म्हातारा. मी शाळेतून येताना त्याला विचारलं, तर म्हणाला, "क्या करना मॅडम, साब लोगां फोनच नै उठाते. मेरी पगार बी उनोच जाने." तरी तो रोज यायचा आणि खुर्चीवर बसायचा.

कॉलनीत या सगळ्याचं कुणाला फार दुःख झालं असं मी म्हणणार नाही. दूध घेताना, भाजी घेताना लोक वर बघायचे आणि एकमेकांकडे बघून हसायचे. "महालात उकडतंय म्हणं," असं कुणीतरी म्हणायचं. मला हसू यायचं नाही आणि वाईटही वाटायचं नाही. समोर घडतंय म्हणून मी बघत होते.

काकू मात्र रोज दुपारी आमच्या ओट्याच्या आतल्या खोलीत येऊन बसायला लागल्या. मला सुट्टी लागली होती. चार जिने उतरून आलेल्या असायच्या, गुडघे चोळत भिंतीला टेकायच्या. पहिल्या दिवशी म्हणाल्या, "सहज आले." दुसऱ्या दिवशी काही न म्हणता आल्या. तिसऱ्या दिवशी मी विचारलं, "काकू, वरती एसी नाही का?"

"हाय की. पर लाईट नसली म्हंजी काय करावं? आन् काच उघडत नाय बाई. कुठंच उघडत नाय. पोळी करता करता मधीच दाराबाहेर जिन्यात येऊन हुभं ऱ्हावं लागतं."

"काका काय म्हणतात?"

"ते काय म्हणत्यात! ओला पंचा अंगावर घेऊन बसत्यात. म्या काय बोलले की म्हणत्यात, सवय व्हईल."

काका स्वतः खाली फारसे यायचे नाहीत. आले तर इस्त्रीचा सदरा घालून यायचे आणि कुणी विचारलं तर "झकास हाय, वारं नाय तेवढं," म्हणायचे.

मग पाणी गेलं. आमच्या बोअरला आधीच थोडं थोडं पाणी यायचं, तेही थांबलं. बिल्डिंगीचा बोअर आमच्यापेक्षा खोल होता, आणि आमचं पाणी त्यानंच ओढलं असं सगळी कॉलनी मानत होती. पण काही आठवड्यांत तोही कोरडा पडला. कॉलनीला टँकर सुरू झाला. बिल्डिंगीसाठी टँकर कुणी बोलवायचा हे ठरवायला तिथं कुणी उरलंच नव्हतं. डॉक्टर जोडपं कुलूप लावून शहरात भाड्यानं राहायला गेलं.

सेक्रेटरींनी गणपतीच्या मंदिरात मीटिंग घेतली. विषय एकच, आपल्या टँकरवर बिल्डिंगीतल्या लोकांना पाणी भरू द्यायचं की नाही.

"त्यांनी आपल्याला स्विमिंग पुलात पोहायला बोलावलं असतं का?" सेक्रेटरी म्हणाले. "मग पाण्याला आपण कशाला? बिल्डिंग त्यांची, पाणी त्यांचं."

माझा नवरा म्हणाला, "माणसं दोन-चार. हंडे किती लागणार?"

"आज दोन-चार. उद्या भाडेकरू येतील. एकदा दिलं की पायंडा पडतो."

शेजारीण म्हणाली, "माझी तुळस जळाली तेव्हा कोण आलं होतं विचारायला?" त्यावर बरेच जण व्हय व्हय म्हणाले. पाणी द्यायचं नाही असं ठरलं. मी विरोधात हात वर केला होता. पण आम्ही थोडेच होतो आणि मीही वाद घातला नाही.

पुढचा टँकर आला तेव्हा पाईपपासून मंदिरापर्यंत हंड्यांची रांग होती. मावशीही होती. तिचं घर कॉलनीत नव्हतं, पण तिला कुणी कधी अडवलं नव्हतं. काकू डोक्यावर पदर घेऊन, हातात पितळी कळशी घेऊन आल्या आणि रांगेच्या शेवटी उभ्या राहिल्या. सेक्रेटरी पाईपजवळून म्हणाले, "काकू, मीटिंगमध्ये ठरलंय."

"ठरलं आसंल," काकू म्हणाल्या. "मला कुणी बोलवलं नव्हतं मीटिंगला."

"तसं नाही, पण नियम..."

"म्या काय मागंना तुमाला. म्या लायनीत हुभी हाय."

मावशीनं आपला हंडा पुढं सरकवला आणि मागं जागा केली. "काकू, इकडं ठिवा. माज्यामागं." तिच्या मागे उभ्या असलेल्या बाईनं आपली बादली पायानं मागं घेतली, मग तिच्या मागच्या बाईनं. माझी शेजारीण तिथंच होती. तिनंही घेतली. सेक्रेटरींनी पाईप दुसऱ्या हातात घेतला आणि भरत राहिले. काकूंची कळशी भरली तेव्हा त्यांनी टँकरवाल्याकडे बघितलं, काकूंकडे नाही. त्यानंतर त्या ठरावाचं नाव कुणी काढलं नाही.

पण पाणी मिळालं तरी चार मजले चढवायचं होतं. काकू दोन मजल्यांनंतर कळशी पायरीवर ठेवून बसायच्या. काका रिकाम्या हातानं खाली येऊन ती वर न्यायचे. एकदा जिन्यात त्यांचा तोल गेला आणि कळशी गडगडत थेट वॉचमनच्या खुर्चीपर्यंत आली. काकांना लागलं नाही, पण सगळं पाणी सांडलं. काकू मला म्हणाल्या की त्या दिवशी घरी आल्यावर ते लई वेळ काचेकडं तोंड करून बसले होते.

दुसऱ्या दिवशी काका मावशीच्या शेडात गेले. इस्त्रीचा सदरा नव्हता, बनियन आणि धोतर होतं. सोबत छावणीतला एक ॲल्युमिनियमचं काम करणारा माणूस आणि एक सुतार. शेडातून त्यांनी जुन्या घराची एक सागवानी खिडकी बाहेर काढली, गजांची, दोन झडपांची. मग गडगडी काढली. मावशीच्या मुलानं खिडकी पाठीवर घेतली आणि चार जिने चढवली.

दुपारपर्यंत सगळी कॉलनी रस्त्यावर होती. चौथ्या मजल्यावरची एक अख्खी काच आतून सोडवली गेली आणि तिथं काळं चौकोनी भोक दिसलं. मग त्यात खिडकी बसली. निळ्या काचेच्या त्या एवढ्या मोठ्या भिंतीत तेलपाणी केलेली तांबूस लाकडी खिडकी. मधले दोन गज काढून त्यातून एक लोखंडी अँगल बाहेर आला आणि त्याच्या टोकाला गडगडी लागली. मग दोर खाली आला, हळूहळू, काचेपासून हातभर लांब. टोकाला विहिरीचा पोहरा होता.

लोक हसले. मीही हसले. कुणीतरी शिट्टी वाजवली. मावशी डोळ्यांवर हात धरून वर बघत म्हणाली, "ईहीर बुजवली, आन् आता आभाळात खांदली का काय म्हाताऱ्यानं!"

बिल्डरचा माणूस कितीतरी महिन्यांनी त्या दिवशी उगवला. वॉचमननंच कळवलं असणार. बूट घातलेला तरुण, खालून ओरडून बोलत होता.

"काका, हे चालणार नाही. एलिव्हेशन बिघडतंय!"

काका खिडकीत आले. "काय बिघडतंय?"

"एलिव्हेशन. बाहेरून दिसायला!"

"तुमी बाहेरून बघा," काका म्हणाले, "म्या आत राहतो."

तो फोन लावत राहिला. फोन कुणी उचलला नसावा, कारण थोड्या वेळानं तो गाडीत बसून निघून गेला. खाली काकूंनी टँकरवरून भरलेल्या हंड्यातून पोहरा भरला आणि दोराला हिसडा दिला. वर काका ओढायला लागले. हाताखाली हात, न थांबता, आयुष्यभर विहिरीवर ओढलं तसंच. गडगडी वाजत होती. पोहरा वर पोचला तेव्हा अर्धा तरी भरलेला होता. या खेपेला कुणी हसलं नाही. माझ्या शेजारणीनं आपली बादली उचलून काकूंच्या हंड्यात ओतली आणि म्हणाली, "हे बी जाऊ द्या वर."

तो सगळा उन्हाळा असाच गेला. टँकरच्या दिवशी खाली दोन-तीन बायका काकूंना भरू लागायच्या. काका पुन्हा सगळ्यांशी बोलायला लागले, पण चौथ्या मजल्यावरून. कुणाच्या म्हशीला काय झालं, कुणाच्या पोराला नोकरी लागली का, हे ते खिडकीत बसून विचारायचे आणि खालचा माणूस मान वर करून सांगायचा.

पुढं पाऊस झाला. बिल्डिंग दुसऱ्या एका बिल्डरनं घेतली. त्यानं लिफ्ट सुरू केली, नळाचं पाणी आणलं आणि काचेच्या जागी सगळीकडे उघडणाऱ्या खिडक्या बसवल्या, कारण फ्लॅट बघायला येणारा प्रत्येक जण आधी तेच विचारायचा. काकांची खिडकी काढायची परवानगी मागायला तो स्वतः वर गेला होता. काकांनी चहा पाजला आणि परवानगी दिली. मला वाटलं होतं, देणार नाहीत. विचारलं तर म्हणाले, "काम झालं तिचं. नवी सरकती हाय, बोटानं उघडती."

फ्लॅट विकले गेले, बरेचसे शेंद्र्याला नोकरी करणाऱ्या लोकांना. दुसऱ्या मजल्यावरचा एक सेक्रेटरींच्या मुलानं घेतला. वास्तुशांतीला सगळी कॉलनी गेली होती. काकाही होते, पाटावर बसून मोठ्यानं गप्पा मारत. जेवणाची पहिली पंगत उठेपर्यंत मी खिडकीशी उभी राहिले. तिथून आमची गच्ची दिसत होती. काळी टाकी, पाय मोडलेली खुर्ची, गेल्या दिवाळीचा फाटका आकाशकंदील, आणि दोरीवर वाळत घातलेले नवऱ्याचे कंपनीचे कपडे. इतकी वर्षं हे सगळं वरच्यांना दिसत असणार, हे माझ्या कधी लक्षात आलं नव्हतं. सेक्रेटरींनी मागून हाक मारली, "बाई, चला, पान वाढलंय," आणि मी जाऊन काकूंच्या शेजारी बसले.