सीटखालचा झेंडू

गुणाजी परबाने घाटकोपरच्या भटवाडीत चौतीस वर्षं सायकली दुरुस्त केल्या आणि तेवढीच वर्षं लोकांना शहाणपण शिकवलं. पंक्चरचे पैसे पडत, शहाणपण फुकट मिळे. एखादी मुलगी सायकलवरून निघाली आणि तिची ओढणी मागे लोंबताना दिसली, की हातातला पाना टाकून हा गडी रस्त्यावर धावलाच. "ओढणी आवर गो, चाकात गेली तर गळ्याक फास बसतलो." कॉलेजच्या मुली त्याला ओढणीकाका म्हणत. त्याचं त्याला काही वाटत नसे. फिरत्या चाकाजवळ सुटं काही नको, एवढा एकच धर्म त्याने मनापासून पाळला होता.

अशा माणसाच्या मुलीने काय करावं? दिशाने इंजिनीअर होऊन अंधेरीच्या एमआयडीसीत, उडणारी सायकल बनवणाऱ्या एका छोट्या कंपनीत नोकरी धरली. सायकलीला चार कोपऱ्यांत चार पंखे आणि मध्ये बॅटरी. घाटकोपर ते अंधेरी सात मिनिटांत, असं ती जेवताना सांगायची आणि गुणाजीचा घास हातातच राहायचा. बायको गेल्यापासून घरात ही दोघंच होती.

"वर वायरी आसत, पतंगाचो मांजो आसा, घारी आसत," तो म्हणायचा. "बाजूक विमानतळ. तुका वर सोडतलो कोण?"

"मिळेल रे परवानगी. आत्ता आम्ही शेडच्या आतच उडवतोय ना."

"नि ठेवतलंस खंय? हयसर साधी सायकल ठेवूक जागा नाय."

"गच्चीवर."

"चेन पडली तर रस्त्यावर पाय टेकूक येता. थंय खंय टेकतलंस?"

दिशा म्हणाली, "बाबा, तू ना, प्रत्येक गोष्टीत पंक्चर शोधतोस."

खंडेनवमीला कंपनीच्या शेडमध्ये यंत्रांची पूजा होती आणि त्यानंतर सायकल पहिल्यांदा माणूस घेऊन उडणार होती. माणूस म्हणजे दिशा, कारण सगळ्यांत वजनाने हलकी तीच. हे कळल्यावर गुणाजीने दोन दिवस तोंड फुगवलं आणि तिसऱ्या दिवशी इस्त्रीचा शर्ट घालून तिच्याबरोबर गेला.

शेड दोन मजले उंच होती. जमिनीवर जाड गाद्या अंथरल्या होत्या. पूजा झाली, नारळ फुटला. मग दिशाचा कामातला जोडीदार आकाश कात्री घेऊन आला आणि त्याने सायकलीवरचे सगळे हार कापून काढले. "काका, उडताना मशीनवर सुटं काही नको," तो म्हणाला. गुणाजीने मान हलवली. पोरगा कामाचा आहे, असंही त्याला वाटलं.

पण ती बोडकी सायकल त्याला बघवेना. खंडेनवमीला फुलाशिवाय एकही गाडी त्याने दुकानातून सोडली नव्हती, लहान पोरांची तीनचाकीसुद्धा नाही. आणि आज तिच्यावर त्याची मुलगी बसणार होती. दिशा हेल्मेट घालत होती, आकाश कॉम्प्युटरात डोकं घालून बसला होता. गुणाजीने खिशातली हातभर नायलॉनची दोरी काढली, तिच्यात झेंडूचं एक फूल ओवलं आणि सीटखाली दोन गाठी मारून बांधलं. "बा देवा रवळनाथा, माझ्या चेडवाक सांभाळ," तो पुटपुटला. गाऱ्हाण्याला "व्हय म्हाराजा" म्हणायला तिथे दुसरं कोणी नव्हतं, म्हणून तेही त्यानेच म्हटलं.

सायकल उठली. खरंच उठली. बारा फुटांवर ती हवेत स्थिर झाली, दिशाने हँडल सैल सोडलं आणि बापाकडे बघून हात हलवला. गुणाजीच्या डोळ्यांना धारा लागल्या. आणि मागचा एक पंखा खाड करून थांबला. सायकल कलंडली, दिशा गादीच्या कडेवरून फरशीवर आदळली आणि तिच्या हाताचं हाड मोडल्याचा आवाज सगळ्यांनी ऐकला.

लोक दिशाकडे धावले. सायकल गुणाजीच्या पायाशी येऊन पडली होती. मेकॅनिकचा हात मालकाला विचारत नाही. त्याने थांबलेला पंखा उलटा फिरवला. बुडाशी त्याची नायलॉनची दोरी घट्ट गुंडाळली होती, आणि तिच्यात झेंडूचा चोथा. त्याने ती सोडवली आणि खिशात टाकली. आपण हे काय केलं, ते त्याला रिक्षात बसल्यावर कळलं.

हॉस्पिटलात आकाश रडत सांगत होता की मोटर जाम झाली, जोडणी त्याचीच होती. कंपनीच्या साहेबांचा फोन येऊन गेला होता. यंत्र धोक्याचं आहे, काम बंद करायचं, आकाशने उद्यापासून यायचं नाही.

डावा हात प्लास्टरमध्ये घालून दिशा पडली होती. हनुवटीला सहा टाके. "बाबा, तू बरोबर होतास," ती म्हणाली. "नाही जमणार हे."

वर्षभर त्याला हेच ऐकायचं होतं. आता गप्प बसलं की झालं. मुलगी जन्मात पुन्हा वर जाणार नव्हती. कोणाला काही कळणार नव्हतं. फक्त दुसऱ्याचा पोरगा त्याचं पाप डोक्यावर घेऊन घरी गेला होता. गुणाजीने दोरी काढून तिच्या उशाशी ठेवली. "माका माफ कर गो. मी बांधललंय. फुलासाठी."

दिशाने उजव्या हाताने दोरी उचलली. "तू?" ती म्हणाली. ती ओरडेल, रडेल, तोंड फिरवेल, सगळ्याची त्याने तयारी केली होती.

"मागच्या पंख्यात होती?" तिने विचारलं.

"व्हय."

"म्हणजे मोटर ठीक होती." ती उजव्या कोपरावर उठायला लागली. तिचा चेहरा उजळला होता. गुणाजी हबकला. ती पडली तेव्हासुद्धा तो इतका घाबरला नव्हता.

"परत वर जातलंस?"

"हो, बाबा. आकाशला फोन लाव आधी, तो दुसरीकडे नोकरी धरायच्या आत."

नाही म्हणायला त्याच्याकडे आता तोंड नव्हतं. त्याने तिच्या फोनवरून आकाशचा नंबर लावला आणि फोन तिच्या कानाशी धरला.