तेवीस माद्यांचा डावा पंख

म्युनिकच्या मराठी मंडळात कादंबरी नावाच्या बाईबद्दल दोनच गोष्टी सांगितल्या जात. एक, ती मेलेले पक्षी मोजते. दुसरी, नवरा मयुरेश सॉफ्टवेअरमध्ये राबतो म्हणून हिचे असले लाड चालतात. पहिली निम्मी खरी होती. दुसरी सांगणाऱ्यांचं खरं दुखणं त्यांचे स्वतःचे नवरे होते. ते सोडून देऊ.

पाच वर्षं ती एका संग्रहालयाच्या तळघरात, कापूस भरलेल्या हमिंगबर्डवर पीएचडी करत होती. जाती दोन, रुबी-थ्रोटेड आणि ब्लॅक-चिन्ड. नर ओळखायला अक्कल लागत नाही: एकाचा गळा लालभडक, दुसऱ्याची हनुवटी काळी अन् खाली जांभळी पट्टी. माद्या मात्र एकीला झाकावं अन् दुसरीला काढावं अशा. फरक काय तो पंखाच्या सगळ्यात बाहेरच्या पिसात. रुबीचं टोकाला निमुळतं, ब्लॅक-चिन्डचं रुंद, बोथट. त्याच पिसावरून कादंबरीने एकसष्ट माद्यांची वाटणी केली होती आणि वाटणीवर अख्खा प्रबंध उभा होता.

नोव्हेंबरात ईप्सिता नावाची नवी विद्यार्थिनी हाताखाली आली. डावखुरी.

"ताई, ही ब्लॅक-चिन्ड ना?"

"नाही गं, रुबी. टोक बघ की."

"बघतेय. बोथट आहे."

"नंबर वाढलाय तुझा."

"बरं बाई, तूच बघ!"

कादंबरीने पक्षी नेहमीसारखा डाव्या हातात धरला, उजव्यात भिंग. समोर उजवा पंख, पीस निमुळतं. मग तिने पक्षी ईप्सितासारखा उजव्या हातात घेऊन फिरवला. डावं पीस चांगलं रुंद होतं. उजवं खणाच्या कडेला घासून, झिजून निमुळतं झालेलं. पाच वर्षं एकाच हातात धरून तिने एकच पंख पाहिला होता.

"एखादीच असेल गं," ईप्सिता पुटपुटली.

गुरुवारपर्यंत तेवीस निघाल्या.

"तेवीसच ना?" मयुरेश म्हणाला. "डावा पंख बघायला कोण जातंय? मार्चमध्ये कॉन्ट्रॅक्ट संपतंय तुझं. त्याआधी प्रबंध देऊन टाक."

"आणि कुणी तो वाचून शिकलं तर?"

त्याने उठून चहा केला, एवढं त्याच्या बाजूने लिहून ठेवतो.

शुक्रवारी तिच्या मार्गदर्शक प्रोफेसर लिंडनरबाईंनी सगळं ऐकलं, चष्मा काढला. "गेनाऊ, अगदी बरोबर. तीन प्रकरणं गेली." मुदतवाढीचं कादंबरीने विचारलं, तेव्हा त्यांनी नकारार्थी मान हलवून चष्मा परत चढवला.

संग्रहालयात पक्ष्याच्या पायाला बांधलेली, जात अन् ओळखणाऱ्याचं नाव लिहिलेली जुनी चिठ्ठी कधी काढत नाहीत. चूक असली तरी वर दुसरी बांधतात. कादंबरी दोरा घेऊन बसली.

"मी लिहू का थोड्या?" ईप्सिताने विचारलं.

"नको. चूक माझ्या अक्षरात आहे."

तेवीस पायांना तिचं नाव दोनदा लागलं. मार्चअखेर तिने तळघराची किल्ली परत केली. माद्या आपापल्या खणात होत्या. प्रबंध नव्हता.